रयतेची पेरणी आणि राखण: कर्मवीर भाऊराव पाटील आणि रयत शिक्षण संस्था यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर लागला की शाळकरी मुलांचे आणि त्यांच्या पालकांचे फोन सुरू होतात. २२ तारखेला रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांची जयंती, भाषण लिहून हवं असतं. मी रयतच्याच शाळेत शिकलो. गेली बरीच वर्षं तालुक्याच्या गावी एका लहान वसतिगृहाच्या विश्वस्त मंडळावर आहे. त्यामुळे दुसऱ्याही तऱ्हेची माणसं येतात: गरीब मुलांसाठी काहीतरी काढायचंय, कसं काढावं आणि काढल्यावर ते टिकवावं कसं, असं विचारणारी. दोघांच्या प्रश्नांची उत्तरं मला एकाच ठिकाणी सापडतात, म्हणून ती इथे एकत्र लिहितो आहे.

संस्था कुठे आणि कधी स्थापन झाली?

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, कराड तालुक्यातल्या काले या गावी. निमित्त होतं सत्यशोधक परिषदेचं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापला. त्या विचाराची माणसं सातारा-कोल्हापूर भागात गावोगाव होती आणि भाऊराव त्यांच्यातलेच एक. १९२४ मध्ये संस्थेचं ठाणं साताऱ्याला हलवलं, ते आजतागायत तिथेच आहे.

‘रयत’ हेच नाव का?

रयत म्हणजे कसणारी, राबणारी सामान्य प्रजा. ज्या काळात संस्थांना देवांची, राजांची नाहीतर दात्यांची नावं देत, त्या काळात ज्यांच्यासाठी संस्था काढली त्यांचंच नाव तिला दिलं. बोधचिन्ह वटवृक्षाचं. वडाच्या पारंब्या जमिनीला टेकतात आणि त्यांचीच पुढे खोडं होतात, हे खेड्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

भाऊराव स्वतः फार शिकलेले नव्हते, हे खरं का?

खरं आहे. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोजला जैन कुटुंबात जन्म, शिक्षण कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात, आणि मॅट्रिकपर्यंत काही गाडी गेली नाही. पण त्यांचं खरं शिक्षण वर्गाबाहेर झालं. ते जैन बोर्डिंगात राहायचे. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर ‘शुद्ध’ होण्यासाठी आंघोळ करा म्हटलं, ती त्यांनी केली नाही. त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं आणि राजर्षी शाहू महाराजांनी आसरा दिला.

मुलांना हा प्रसंग मी आवर्जून सांगतो. शिवाशिवीवरून ज्याला वसतिगृहाबाहेर काढलं, त्याने पुढे आयुष्यभर वसतिगृहंच काढली, आणि ती एका पंगतीची काढली.

शाहू महाराजांनी वसतिगृहं काढलीच होती. मग भाऊरावांनी नवीन काय केलं?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, खरं तर आधी हाच विचारायला हवा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांची रांग उभी केली: मराठ्यांचं वेगळं, जैनांचं वेगळं, लिंगायतांचं, मुस्लिमांचं, अस्पृश्य मानलेल्यांचं वेगळं. त्या काळात तोच व्यवहार्य मार्ग होता. गावाकडचा बाप आपल्या जातीच्या बोर्डिंगात मुलगा निर्धास्तपणे पाठवू शकत होता. या वसतिगृहांमुळे हजारो मुलं शिकली.

भाऊराव त्याच्या एक पायरी पुढे गेले. साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातिधर्मांची मुलं एकाच खोलीत झोपत, एकाच चुलीवरचं खात, आणि स्वयंपाकाची पाळीही सगळ्यांची असे. १९२० च्या दशकातल्या साताऱ्यात महाराच्या मुलाने थापलेली भाकरी पाटलाच्या मुलाने खायची, यावर गावात काय बोललं जात असेल याची कल्पना आज येणं अवघड आहे. फेब्रुवारी १९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्याला आले, तेव्हा या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव त्यांच्या हस्ते दिलं गेलं. १९३२ च्या पुणे करारानंतर त्याची आठवण म्हणून पुण्यात काढलेल्या वसतिगृहाचं नाव तर थेट युनियन बोर्डिंग हाउस. संस्थेने लिहून ठेवलेल्या उद्दिष्टांतही मागासलेल्या वर्गांतल्या मुलांमध्ये आपसांत प्रेम निर्माण करणं हे एक स्वतंत्र कलम आहे. शिकवणं आणि एकत्र आणणं ही त्यांच्या लेखी दोन कामं नव्हतीच.

डांबर प्रकरण काय होतं?

१९१४ मध्ये कोल्हापुरात इंग्लंडच्या राजा-राणीच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं. जैन समाजातले पुढारी अण्णासाहेब लठ्ठे यांना त्यात गुंतवायचं होतं, त्यासाठी भाऊरावांवर खोटी साक्ष द्यायचा दबाव आला. त्यांनी नकार दिला आणि त्यासाठी तुरुंगातला छळ सोसला. संस्था काढण्याच्या पाच वर्षं आधीची ही गोष्ट. पुढे जेव्हा जेव्हा संस्थेवर दडपण आलं, तेव्हा समोर हाच माणूस उभा होता हे लक्षात ठेवा.

संस्था काढण्याआधी ते काय करत होते?

साताऱ्यात शिकवण्या घेत, लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. मग ओगले यांच्या काचकारखान्याचा आणि किर्लोस्करांच्या नांगरांचा माल विकत ते गावोगाव हिंडले. त्याआधी मित्रांच्या साथीने दूधगावला विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढून पाहिला होता. नांगर विकायला जो माणूस शिवारात जातो, त्याला कुठल्या गावात शाळा नाही, कुठल्या वाडीतला मुलगा हुशार आहे आणि कुणाच्या घरात दाणा नाही हे दिसतंच.

सुरुवातीला पैसा कुठून आला?

पैसा आलाच नाही, आलं ते धान्य. त्याला मुष्टिफंड म्हणत. घरातली बाई दळायला किंवा रांधायला बसली की मूठभर दाणे वेगळ्या भांड्यात टाकायची. ठरल्या दिवशी बोर्डिंगची मुलं पोतं घेऊन यायची आणि दारोदारचं ते साठलेलं धान्य गोळा करून न्यायची. माझ्या आजीकडे चुलीच्या मागे एक लहान मडकं असायचं. काठ टवके उडालेला, वर फुटक्या ताटलीचं झाकण. त्यात ती ज्वारी टाकायची आणि आम्ही त्यात हात घातला तर ओरडायची, “तिथलं घेऊ नका, पोरांचं आहे ते.” ती पोरं कुठली, हे मला शाळेत गेल्यावर कळलं. आजीला अक्षर येत नव्हतं.

दाते होते, मोठेही होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची मदत झाली आणि १९४० साली साताऱ्यात निघालेल्या हायस्कुलाला त्यांचं नाव दिलं. पण पाया त्या मडक्यांचा होता. मूठभर धान्य देणारी बाई वर्षाला फार तर काही पायल्या देत असेल. मात्र ती रोज देत होती. रोज देणाऱ्याचा जीव त्या संस्थेत अडकतो. माझ्या मते भाऊरावांचा सगळ्यात मोठा शोध हाच. १९४८ च्या प्रश्नाशी आलो की त्याची किंमत दिसेल.

भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकलं ही गोष्ट खरी का?

भाऊराव बाहेरगावी असताना बोर्डिंगातलं धान्य संपलं आणि मुलं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र दिलं, ही हकीकत संस्थेत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. त्यांचे बाकीचे दागिने त्याआधीच गेले होते. १९३० साली त्या गेल्या.

पण भाषणात फक्त मंगळसूत्र सांगून थांबू नका, ही माझी विनंती. ही बाई सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरातून आली होती. तिच्या चुलीशी एके दिवशी सगळ्या जातींची पोरं येऊन बसली. सुरुवातीला तिला ते जड गेलं आणि मग तीच त्या पोरांची आई झाली. दागिना एकदाच मोडायचा असतो. रोज पहाटे उठून परक्या पोरांसाठी पीठ मळायचं, त्यांची आजारपणं काढायची, आणि मनातली जुनी शिवाशिव रोज थोडी थोडी पुसून काढायची, हे कितीतरी अवघड. लोक त्यांना रयत माउली म्हणतात ते त्यासाठी.

‘कमवा आणि शिका’ म्हणजे मुलांना राबवून घेणं नव्हे का?

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत जास्त येतो. रास्त आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

संस्थेचं ब्रीद ‘स्वावलंबी शिक्षण’. मुलं शेतात काम करत, दगड फोडत, माती वाहत, इमारतींच्या बांधकामावर हात लावत, आपला स्वयंपाक आपण करत. बदल्यात राहणं, जेवण आणि शिकणं. १९४७ च्या जूनमध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं तेही याच पायावर.

यामागे दोन कारणं होती. एक तर पैसे नव्हते, ते लपवण्यात अर्थ नाही. दुसरं कारण माझ्या दृष्टीने मोठं आहे. ज्या मुलांच्या सात पिढ्या दुसऱ्याच्या दारात हात पसरून उभ्या राहिल्या, त्यांना फुकटचं शिक्षण म्हणजे आणखी एक दान वाटलं असतं. आपण फोडलेल्या दगडाच्या भिंतीत बसून शिकणारा मुलगा कुणाचा मिंधा नसतो. शिवाय घाम गाळण्याचं काम हे खालच्यांचं आणि लिहिणं-वाचणं वरच्यांचं, ही जी फाळणी होती ती कुदळ हातात घेतल्यावरच मोडली. पाटलाचा पोरगाही त्याच खाणीत उतरत होता.

आता आजचं. आज कुणी ‘कर्मवीरांच्या वाटेने’ म्हणत बारा वर्षांच्या मुलाकडून इमारतीची कामं करून घेत असेल, तर तो गुन्हा आहे. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवता येत नाही आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर लावता येत नाही. आपली खोली झाडणं, ताट घासणं, बागेला पाणी घालणं वेगळं. कॉलेजच्या मुलांसाठी ही योजना आजही चालते, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठानेही या नावाने ती राबवली आहे. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, शेतावर तासाच्या हिशेबाने काम आणि त्याचा मोबदला विद्यार्थ्याच्या हातात. पारख करायची तर एकच पाहा: काम करणाऱ्या मुलाला आपला हिशेब माहीत आहे का, आणि ‘आज अभ्यास आहे, येत नाही’ असं तो न घाबरता म्हणू शकतो का.

व्हॉलंटरी शाळा म्हणजे काय?

जिथे सरकारी शाळा पोहोचत नव्हती अशा वाड्यावस्त्यांवर एकशिक्षकी शाळा. देवळात, चावडीत, जिथे जागा मिळेल तिथे. शिकवायला माणूस हवा, म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करणारं प्रशिक्षण विद्यालय काढलं. अशा ५७८ शाळा निघाल्या आणि पुढे त्या जिल्हा स्कूल बोर्डाकडे सोपवल्या. उभी केलेली गोष्ट योग्य वेळी दुसऱ्याच्या हाती देता येणं, हेही संस्था चालवणाऱ्याने शिकावं असं आहे.

१९४८ मध्ये सरकारने अनुदान बंद केलं ते का? आणि संस्था वाचली कशी?

स्वातंत्र्य मिळून वर्षही झालं नव्हतं. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं सरकार होतं. भाऊराव जाहीर सभांमधून रोखठोक बोलत, सरकारवर टीकाही करत. गांधीहत्येनंतरच्या तापलेल्या दिवसांत त्यांच्या बोलण्यावरून ते सरकारविरोधी असल्याचा ठपका आला, खप्पामर्जी झाली आणि संस्थेचं अनुदान थांबलं. लक्षात घ्या, ज्या माणसाने महात्मा गांधींच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुलं काढायचा संकल्प केला होता, त्याच्याच संस्थेवर ही वेळ आली.

आपल्यापैकी कुणाच्याही संस्थेचं असं झालं तर दोन महिन्यांत दाराला कुलूप लागेल. रयतचं लागलं नाही. गाडगे महाराज स्वतः मध्ये पडले. खेरांपाशी त्यांनी शब्द टाकला आणि त्यांचा शब्द सरकारलाही मोडता येण्यासारखा नव्हता. अनुदान पुन्हा सुरू झालं. १९५४ मध्ये कऱ्हाडला निघालेलं कॉलेज सद्गुरू गाडगे महाराजांच्या नावाचं आहे, त्यात हे ऋणही आहे असं मी मानतो.

तरी गाडगेबाबांचा शब्द हे अर्धंच उत्तर. तो शब्द पडेपर्यंत संस्था उभी कशी राहिली? कारण अनुदान यायच्या आधीही ती उभी होती. मुलांना भाकरी करता येत होती. भिंती त्यांनीच रचल्या होत्या. आणि गावोगावच्या घरांत चुलीमागे मडकी होती. ज्या गावाने शाळेसाठी गाड्या जुंपून दगड आणले, त्या गावाला ‘ही संस्था सरकारविरोधी आहे’ असं मुंबईहून सांगून काय फरक पडणार? लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पेरणीच्या वेळी जो शेतावर असतो तोच राखणीला मचाणावर चढतो. संस्थेवर संकट आल्यावर ‘लोकांचा पाठिंबा मिळवा’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात, पण तो तेव्हा मिळवायचा नसतो, वीस-तीस वर्षं आधी मूठ मूठ जमवलेला असावा लागतो.

मोठी देणगी नाकारली, ती नावाची गोष्ट कोणती?

कॉलेजला दिलेलं शिवाजी महाराजांचं नाव बदलून आपलं नाव द्या, मोठी रक्कम देतो, असं एका धनिकाने सांगितलं. एक वेळ मी बापाचं नाव बदलीन पण हे बदलणार नाही, अशा अर्थाचं उत्तर भाऊरावांनी दिलं, असं सांगतात. शब्द सांगणाऱ्यागणिक थोडे बदलतात. माझ्यासारख्या विश्वस्ताला यातून व्यवहाराची गोष्ट घेता आली: कोणती देणगी कोणत्या अटीवर नाकारायची हे देणारा दारात उभा राहण्याआधी ठरवून, ठराव करून, वहीत लिहून ठेवा. समोर धनादेश असताना तत्त्व आठवणं फार कठीण जातं.

आज महाराष्ट्रात अशी संस्था काढायची तर कायद्याने काय लागतं?

सर्वसाधारण वाट अशी: किमान सात जण एकत्र येऊन १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी करतात आणि तीच संस्था १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवतात. दोन्हींसाठी धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. नुसता न्यास करायचा तर सात जणांची अट नाही. प्राप्तिकर खात्याकडची नोंदणी आणि देणगीदाराला सवलत मिळते ती नोंदणी, जिला लोक सर्रास ८०जी म्हणतात, वेगवेगळ्या असतात. दोन्ही मुदतीच्या असतात, मुदत संपण्याची तारीख भिंतीवर लावून ठेवा. परदेशातून एक रुपया घ्यायचा तरी २०१० च्या परदेशी अंशदान कायद्याखाली परवानगी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येतो.

घटना, म्हणजे संस्थेची नियमावली, दुसऱ्याची उतरवून घेऊ नका. बहुतेक जण शेजारच्या संस्थेच्या घटनेवरची नावं बदलतात. सभासद कोण होऊ शकतो, कोण काढू शकतं, सभेची नोटीस किती दिवस आधी, गणपूर्ती किती, एवढी चार कलमं स्वतः बसून, भांडून लिहा. पुढची भांडणं नेमकी इथेच होतात.

संस्था बाहेरच्या हल्ल्याने मोडते की आतून?

आतून. माझा अनुभव तरी तसाच आहे. आमच्या वसतिगृहाचे संस्थापक अध्यक्ष वारले. दुःखात होतो, वार्षिक सभा घेतली, नवे अध्यक्ष निवडले, टाळ्या वाजवल्या, आणि बदल अर्ज दाखल करायचा राहून गेला. विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे असा बदल ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचा असतो. आम्ही चार वर्षं कळवला नाही. मग एके दिवशी कळलं की आमच्यातल्याच तिघांनी वेगळी यादी दाखल केली आहे. रस्त्याचं रुंदीकरण झालं होतं, वसतिगृहाच्या जागेला भाव आला होता.

सुनावणीला आमचे वकील म्हणाले, इतिवृत्ताची वही आणा. ती वही मी घरून आणली. निळं कापडी पुठ्ठं, त्यावर तेलाचा डाग. त्या सभेचं पान उघडलं तर ठराव लिहिलेला, सूचक-अनुमोदकांची नावं लिहिलेली, आणि सह्यांच्या रकान्यात अकरांपैकी चार सह्या. बाकीचे ‘नंतर करतो’ म्हणून चहा घ्यायला उठले होते. त्यातले दोघे आता हयात नव्हते. मला ते पान अजून डोळ्यांसमोर दिसतं. मुलांची शाळा, मेस, परीक्षा सगळं नीट चाललं होतं आणि त्या मोकळ्या सात ओळींमुळे आम्ही तीन वर्षं तारखा खाल्ल्या.

जागा वाचली, कारण विश्वस्त व्यवस्थेची स्थावर मिळकत विकायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि ती मागायच्या आधीच आम्ही हरकत नोंदवली. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे: सह्या झाल्याशिवाय चहा येत नाही. सभेची नोटीस टपालाने जाते, पावत्या वहीतच टाचतो. बदल अर्ज महिन्याच्या आत. लेखापरीक्षकाचा अहवाल मुलांच्या पालकांनाही वाचून दाखवतो. पहिल्या वर्षी पालक अवघडून बसले होते. आता भाजीच्या खर्चावर प्रश्न विचारतात, आणि त्यांनी विचारावेत हीच माझी इच्छा आहे. ज्या आईने मेसचा हिशेब तपासला, ती उद्या आमच्यासाठी उभी राहील.

खोटी तक्रार झाली तर?

घाबरू नका, चिडूही नका. धर्मादाय कार्यालयाला चौकशीचा आणि दोषी विश्वस्ताला दूर करण्याचाही अधिकार आहे. पत्राला मुदतीत, लेखी, कागद जोडून उत्तर द्या. कागद नीट असतील तर निभावतं.

आणि तक्रार खरी असेल तर? विशेषतः मुलांच्या बाबतीत?

तर संस्थेचं नाव वाचवायला एक शब्दही बोलू नका. वसतिगृहात मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा, आणि संस्थेच्या प्रमुखाला त्यासाठी कैदही होऊ शकते. मी दोन ठिकाणी पाहिलं आहे, भली माणसं ‘इतक्या वर्षांचं काम मातीत जाईल’ म्हणून गप्प बसली. ज्या मुलांसाठी संस्था काढली त्यांच्यापासूनच तिला वाचवायला निघालो, तर आपण राखण कशाची करतोय? निराधार मुलं ठेवणार असाल तर बाल न्याय कायद्याखालची नोंदणीही आधी करून घ्या, नंतर नव्हे.

भाऊरावांना मानसन्मान कोणते मिळाले?

१९५९ मध्ये पद्मभूषण, आणि त्याच वर्षी पुणे विद्यापीठाची डी.लिट. मॅट्रिक न झालेल्या माणसाला. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. कर्मवीर ही पदवी लोकांची, आणि संस्थेतली माणसं त्यांना अण्णा म्हणत.

साताऱ्याला गेलो तर काय पाहावं?

समाधी आणि संग्रहालय पाहाच. पण आधी चार भिंतीच्या टेकडीकडे बघा, मग जुन्या बोर्डिंगची धनिणीची बाग, आणि मुलं ज्या दगडांवर राबली त्या भिंतींना हात लावा. जयंती आणि पुण्यतिथीला गर्दी असते, मुलांना नीट दाखवायचं तर आधीमधी जा.

भाषणात एकच प्रसंग सांगायचा तर कोणता?

घरी आजी किंवा पणजी असेल, आणि तुमचं गाव त्या मुलखातलं असेल, तर तिला विचारा: आपल्या घरी मुष्टिफंडाचं भांडं होतं का, ते कुठे ठेवत, त्यात कोणतं धान्य टाकत, न्यायला कोण येई. ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहा आणि तेच बोला. माझ्याकडून लिहून घेऊ नका.